आठशे मीटर, महिला

आमच्याकडे मुलीसुद्धा ‘मी येतो’ म्हणतात.
येतो, जातो, जेवलो.
पुण्याच्या शिबिरात खोलीतल्या पोरी
उशीत तोंड खुपसून हसल्या,
तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे चुकतं.
आठवड्याभरात मी ‘येते’ शिकले.
भागू झोरे शिकली नाही.
‘जीभ वळत नाही गं,’ म्हणाली, आणि बूट बांधून
माझ्या आधी मैदानावर.

माझ्या आधी.
एवढे दोन शब्द लिहायला मला बारा वर्षं लागली.

ती जांबोटीच्या वरची, गवळीवाड्यातली.
मी कडोलीची, शालन कणबरकर,
रताळ्यांच्या पैशांतून स्पाइक्स घेतलेली.
सहा वर्षं मी तिची पाठ बघितली.
मानेवरचा तीळ, वेणीची लाल रिबीन,
उजवं कोपर थोडं बाहेर.
शेवटच्या दोनशेत माझ्या छातीत मिरचीची धुरी
आणि ती जशी आत्ताच न्याहारी करून निघालेली.
खोटं का बोलू,
मी देवाला म्हटलंय, हिचा पाय मुरगळू दे.

पाय नाही मुरगळला.
रक्त काढलं. मग पुन्हा काढलं.
मग बेळगावात एका बंद खोलीत तीन डॉक्टर,
आणि बाहेर बाकावर मी,
तिचं जॅकेट मांडीवर घेऊन.
खिशात अर्धा चिक्कीचा तुकडा होता.

पत्र इंग्रजीत आलं.
सरांनी ते कन्नडात सांगितलं.
कन्नडात ‘मी’ला बाईमाणूस-बाप्यामाणूस नसतो,
‘नानु बर्तीनि’ कुणीही म्हणावं.
पुढे मराठीत आणायचं काम माझं.
मी म्हटलं, ‘तुझ्या अंगात काहीतरी जास्त आहे म्हणतात.’
‘काय जास्त?’
मला शब्द सापडला नाही.
‘गोळ्या घेतल्या तर कमी होतं म्हणे. मग पळता येईल.’
‘मी आजारी हाय काय?’
‘नाही.’
‘मग?’

सोनं मला कुरिअरने आलं,
पुठ्ठ्याच्या खोक्यात, आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं.
आईने हळदकुंकू लावलं.
सर म्हणाले, न्याय झाला.
झालाही असेल.
धारवाडची ती उंच पोर, जिची एक टांग माझी दीड,
तिची टांग कुणी मोजली नाही.
आणि हेही खरं, की बायकांसाठी वेगळी रेघ मारली नसती
तर मी हॉस्टेलचं दारसुद्धा बघितलं नसतं.
भागूच्या मागे चौथी, पाचवी, सातवी येणाऱ्या पोरी
काय उगाच पळत होत्या?
रात्री मी एकदा हे धरते, एकदा ते.
सकाळी हात रिकामेच.

आम्हाला रेघांचं नवल नाही तसं.
पाटीवरचं गावाचं नाव रातोरात पुसतात,
दुसऱ्या लिपीत लिहितात,
सकाळी म्हशी त्याच वाटेने जातात.
पण म्हशीला कुणी विचारत नाही,
तू नक्की कुठली.

आता मी नंदगडला खेळाची बाई.
फक्कीने लेन आखते.
वारा असला की रेघ पसरते, मुलं विचारतात,
बाई, हितं पाय पडला तर आत की बाहेर?
मी म्हणते, पळा.

गेल्या बुधवारी खानापूर स्टँडवर ती दिसली.
दोन रिकाम्या किटल्या, कानाशी पिकलेले केस,
कोपर अजून तसंच बाहेर.
चहा घेतला. भजी तिने खाल्ली नाहीत.
मी माफी मागायचं ठरवलं होतं, कशाची ते ठरवलं नव्हतं.
तिनेच विचारलं,
‘त्या दिवशी तुझा टाइम किती गं?’
‘दोन नऊ.’
‘आन् माझा?’
‘दोन सहा.’
बशीतला चहा फुंकत ती थोडा वेळ गप्प.
‘मग मी पुढंच होतो की.’

जांबोटीची बस लागली.
किटल्या उचलायला मी हात घातला.
तिने आधीच उचलल्या होत्या.